ढग नको, पांडुरंगा

पांडुरंगा, अणुबॉम्बच्या बाबतीत तुझ्या दाराशी आलेली ही पहिली प्रार्थना नव्हे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर एका लष्करी धर्मगुरूनं तुला साकडं घातलं होतं, की हिरोशिमाला निघालेली ही माणसं सुखरूप परत येऊ देत. ती आली. तीन दिवसांनी दुसरं विमान उडालं ते कोकुरा शहरासाठी. तिथे ढग आणि धूर इतका, की वरून काही दिसेना. विमान नागासाकीकडे वळलं. ढग तिथेही होतेच, पण ऐन वेळी त्यांत फट पडली. ११ वाजून २ मिनिटं झाली होती आणि उराकामीच्या कॅथेड्रलमध्ये लोक पापांची कबुली द्यायला आले होते. टिनियनच्या धर्मगुरूनं ज्या ख्रिस्ताच्या नावानं तुला हाक मारली, त्याच ख्रिस्ताची ही लेकरं.

कोकुराच्या ढगाबद्दल तुझे आभार मानायचे, तर नागासाकीच्या फटीचा जाब कुणाला विचारायचा? मी भांडायला आलेलो नाही. तुझ्याशी भांडायचा मान नामदेवांचा आणि जनाबाईंचा, मी कोण? मला एवढंच सांगायचंय, की बॉम्बपासून वाचवताना तू आम्हाला ढग देऊ नकोस.

कारण पुढची कित्येक वर्षं आम्ही ढगांच्याच भरवशावर काढली आहेत. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये एका सोव्हिएत उपग्रहानं खबर दिली, की अमेरिकेतून क्षेपणास्त्र निघालं आहे. आधी एक, मग आणखी चार. त्या रात्री ड्यूटीवर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल होता. त्याच्या मनाला ते पटेना. युद्धच काढायचं तर कुणी मोजून पाच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? त्यानं वर कळवलं, यंत्रणा चुकते आहे. नंतर निघालं ते असं, की उंचावरच्या ढगांवर पडलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राची ज्वाला वाटलं होतं. म्हणजे तिथेही ढगच, फक्त या खेपेला उलट्या बाजूनं. दर वेळी ड्यूटीवर पेत्रोव्हच असेल याची हमी तूही देत नाहीस.

म्हणून मी काम मागतो. बॉम्ब खोलून मोडण्याचं काम. ते होतं, हे आम्ही एकदा करून पाहिलेलं आहे, फक्त त्याची आठवण कुणी काढत नाही. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये, सोव्हिएत संघ कोसळायच्या बेतात असताना, थॉमस नेफ या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या बॉम्बमधलं युरेनियम आपण विकत घ्यावं आणि विजेसाठी वापरावं. १९९३ साली तसा करार झाला. उरल आणि सायबेरियातल्या, नकाशावर नाव नसलेल्या गावांत बॉम्बचे गाभे यंत्रावर चढले. धातूचा कीस निघाला. तो भाजून त्याची भुकटी केली, ती शुद्ध केली, भुकटीचा वायू केला. मग पंगतीला पाहुणे वाढले की ताकात पाणी वाढवावं, तसं त्या वायूत सौम्य युरेनियम मिसळत गेले आणि नव्वद टक्क्यांचा जहाल ऐवज पाच टक्क्यांच्या खाली आणला. पाच टक्क्यांचा बॉम्ब होत नाही, वीज होते. सिलिंडर भरले, सेंट पीटर्सबर्गच्या बंदरातून जहाजावर चढले. हे २०१३ पर्यंत चाललं. एकूण ५०० टन, म्हणजे सुमारे २०,००० बॉम्बचं युरेनियम. अमेरिकेतली सुमारे दहा टक्के वीज त्या काळात त्यावर निघत होती. ज्या घरांवर हे बॉम्ब रोखलेले होते, त्याच घरांत त्यांच्यावर भाकरी नाही तरी पाव भाजले गेले.

माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नव्हता, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा म्हणाले होते. कीर्तनात हे माणसांबद्दल सांगतात. त्या कारखान्यांत ते धातूच्या बाबतीत खरं झालं. युरेनियम राहिलं, त्याचा वाकडेपणा गेला. अजून जगात बारा हजारांच्या आसपास बॉम्ब शिल्लक आहेत, देवा. काम पुष्कळ आहे.

पैशाचं म्हणशील तर तेही बोलतो. ज्या रोगाला आम्ही भिऊन ‘देवी’ म्हणत होतो, तो जगातून गेला असं १९८० साली जाहीर झालं. ते घडवलं एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या दोघांनी मिळून. लशीचे कोट्यवधी डोस सोव्हिएत संघानं दिले, मोहिमेचा प्रमुख अमेरिकी होता. साठीच्या पुढच्या कुणाचाही दंड पाहा, टोचल्याचा गोल वण दिसेल. १९६७ पासूनच्या त्या मोहिमेचा खर्च सुमारे ३० कोटी डॉलर आला. आता दुसरा आकडा ऐक. २०२४ या एका वर्षात नऊ देशांनी अण्वस्त्रांवर सुमारे १०० अब्ज डॉलर घातले, असा अंदाज आहे. महागाई हिशेबात धरली तरी देवी घालवायला जेवढं लागलं, तेवढं हे देश पंधरवड्याच्या आत उडवतात. आळंदीहून तुझ्याकडे पायी यायला पालखीला याहून जास्त दिवस लागतात. वर्षातला एक पंधरवडा आम्हाला त्यांच्याकडून मागून दे. क्षयासाठी दे. त्या रोगाचे जगात सगळ्यांत जास्त रुग्ण आमच्या देशात आहेत आणि औषध तर कधीचं सापडलेलं आहे.

तू म्हणशील, त्या नऊ देशांत तूही आहेस, आधी घरचं सांग. सांगतो. १९८८ च्या जूनमध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे आराखडा ठेवला होता, की २०१० पर्यंत जगातलं एकूण एक अण्वस्त्र मोडावं. तो कागदावर राहिला. दहा वर्षांनी मे महिन्यात आम्ही पोखरणला स्फोट केले, महिना संपायच्या आत पाकिस्ताननं चगाईला केले. मिठाई दोन्हीकडे वाटली गेली. शेजाऱ्याच्या हातात हत्यार असताना आपलं आधी खाली ठेवा, हे सीमेवरच्या गावातल्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू? पुण्यामुंबईत बसून शांततेवर बोलणं फार स्वस्त असतं. ते मी करत नाही. पण एक लहानशी गोष्ट या दोन देशांनी सांभाळली आहे, तिला तू जप. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघं आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांच्या हातात देतात, की इथे हल्ला करायचा नाही. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, यादी चुकली नाही. ज्या दिवशी बोलणी बंद असतात त्या दिवशीही कुणीतरी अधिकारी तो कागद घेऊन जातो. त्या कागदाला आणखी एक पान जोडलं जाऊ दे. मोठं काही नको, एकच पान.

आणि बॉम्बची विद्या दुसऱ्या कामाला लावणारे हात तर आमच्याकडे आहेतच. ज्या ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात १९७४ च्या आमच्या पहिल्या अणुस्फोटाचं प्लुटोनियम तयार झालं, त्याच ट्रॉम्बेनं शेतकऱ्यांना भुईमुगाची वाणं दिली, आणि लासलगावात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणांचं केंद्र उभं केलं.

आता शेवटचं मागणं. ते अगदी व्यवहारातलं आहे, म्हणून संकोच वाटतो, पण तुझ्याशी कसला संकोच. १९९६ साली रशियातल्या स्नेझिन्स्कच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेचे संचालक व्लादिमिर नेचाय यांनी आत्महत्या केली. त्यांच्या माणसांचे पगार महिनोन्‌महिने थकले होते. बॉम्ब बनवणाऱ्यालाही घर चालवायचं असतं, पोरांच्या फिया भरायच्या असतात. त्याला उपाशी ठेवून कुणी निःशस्त्रीकरण करू म्हणेल, तर तो आपली विद्या घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाईल. त्याला मोडण्याचं काम दे, वीस-वीस वर्षं पुरेल असं, मोजमापाचं, सह्याशिक्क्यांचं, कंटाळवाणं. अमेरिका आणि रशियाचे तपासनीस करोनाच्या साथीत एकमेकांच्या तळांवर जायचे थांबले, ते पुन्हा गेलेलेच नाहीत. त्यांचे व्हिसा निघू देत. त्यांना एकमेकांच्या कोठारांत शिरून, दांडगाईनं नव्हे तर टेप लावून, भांडण होईपर्यंत मोजू दे. आणि मोडणाऱ्यांचा पगार महिन्याच्या एक तारखेला, बनवणाऱ्यांच्या इतकाच होऊ दे. थोडा जास्त दिलास तरी आमची हरकत नाही.