आधी थंड होऊ द्या



आगमनकाळ प्रतीक्षेचा, पण रंगकाम, खरेदी, करंज्या आणि गायनाचा सराव यांची झुंबड याच दिवसांत उडते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला 210 मेगावॅटचा संचही देखभालीसाठी ठरवून बंद करावा लागतो. विजेची मागणी असतेच, तरीही. बॉयलर विझवल्याबरोबर कोणी आत शिरत नाही. तो थंड झाल्यावरच नळ्या कुठे झिजल्या ते पाहता येते. हे टाळले तर नळी फुटून संच नको त्या वेळी बंद पडण्याची भीती.

आपण मात्र मैद्याचा हिशेब डोक्यात घेऊन मिस्साला येतो आणि शेवटच्या गीताआधी निघतो. एवढ्यात काय दिसणार?

मार्थेला प्रभू येशूने स्वयंपाकाबद्दल दोष दिला नाही (लूक 10:38-42). कुणीतरी रांधायलाच हवे. मला तिची बाजू थोडी पटतेही. पण पाहुणा घरात असताना ती बहिणीची तक्रार करीत होती. नाताळच्या आदल्या दिवशी आपल्याकडे सर्वांत जास्त बोलणी कुणाला बसतात? सुनेला आणि मुलांना.

करंज्यांचा एक डबा कमी होऊ द्या. या आठवड्यात एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवून घरच्यांनी एकत्र बसावे. पहिली पंधरा मिनिटे अवघडल्यासारखे होईल. ज्यांची दुसरी पाळी असेल, त्यांनी सकाळी बसावे.