बिनकामाचं झाड

जोमोन सुगीसमोर मी जेमतेम पंधरा मिनिटं उभी होते. त्यासाठी पहाटे चारला उठले, अंधारात बस पकडली आणि जवळपास पाच तास चालले. त्यातले आठ किलोमीटर लाकडं वाहणाऱ्या जुन्या ट्रॉलीच्या रुळांवरून, उरलेली वाट मुळांवरून आणि पायऱ्यांवरून. शेवटी एक लाकडी मचाण आलं. झाड त्याच्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. पहिल्यांदा मनात आलं ते कौतुक नव्हतं, ती चक्क निराशा होती. इतकं चालून आल्यावर निदान खोडावर हात तरी ठेवू द्यायला हवा होता, असं वाटलं. त्या ‘द्यायला हवा होता’ची मला नंतर लाज वाटली. हा लेख त्या लाजेबद्दल आहे.

याकुशिमा हे जपानच्या दक्षिणेला, क्युशूच्या टोकापासून साधारण ६० किलोमीटरवर समुद्रातून वर आलेलं ग्रॅनाइटचं बेट. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस किलोमीटर, आणि मधलं मियानोउरा शिखर १९३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ ३०० मीटरनं उंच. किनाऱ्यावर पारंब्या सोडलेले वडाच्या कुळातले वृक्ष आणि संत्र्याच्या जातीच्या बागा, तर हिवाळ्यात शिखरावर बर्फ. पाऊस असा की आंबोली पाहिलेल्या माणसानंही गप्प बसावं. ग्रॅनाइटवर माती थोडी, त्यामुळे झाडं फार सावकाश वाढतात. लाकूड घट्ट होतं, त्यात राळ भरते आणि ते लवकर कुजत नाही. हजार वर्षांपुढच्या सुगीलाच तिथे ‘याकुसुगी’ म्हणतात. त्याहून लहान ती ‘कोसुगी’, म्हणजे पोरंच. जोमोन सुगीच्या वयाचे अंदाज दोन हजारांपासून सात हजार वर्षांपर्यंत जातात. खोड आतून पोकळ आहे, त्यामुळे नक्की कुणालाच सांगता येत नाही.

मराठीत सुगी म्हणजे पिकाचा हंगाम. या झाडांचंही शेवटी पीकच झालं.

एके काळी बेटावरचे लोक या झाडांना देवाची मानत आणि तोडत नसत. सतराव्या शतकात तोमारी जोचिकु नावाचा बेटावरचाच एक विद्वान होऊन गेला. बेटावर भातशेती जेमतेम, लोक गरीब, आणि वर सात्सुमाच्या सरदारांचा कर. जोचिकु डोंगरात जाऊन देवाची प्रार्थना करून आला आणि त्यानं लोकांना सांगितलं, अशी कथा आहे, की देवानं परवानगी दिली आहे. झाडाला रात्री कुऱ्हाड टेकवून ठेवायची. सकाळी ती पडलेली असेल तर झाड सोडून द्यायचं, उभी असेल तर तोडायचं. पुढे या झाडांच्या छपराच्या फळ्या भाताऐवजी कर म्हणून जाऊ लागल्या.

हे ऐकलं तेव्हा मला आजोळ आठवलं. सिंधुदुर्गातल्या त्या गावात देवराईतली पडलेली काटकीही कुणी चुलीत घालत नसे. मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला, सभामंडपाला जागा हवी झाली. गावानं देवाला कौल लावला. कौल मिळाला आणि झाडं पडली. कुऱ्हाड टेकवणं हाही कौलच. मी त्यावर हसणार नाही. जोचिकुच्या बेटाला खायला अन्न हवं होतं, माझ्या आजोळच्या गावाला फक्त स्लॅब हवा होता. हा फरक मोठा आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: कौल लावणाऱ्याची गरज आधी ठरलेली असते, देवाला नंतर विचारलं जातं.

तोडणारेही निवडून तोडत. फळ्या हातानं चिरून काढायच्या, म्हणजे लाकूड सरळ फाटणारं हवं. म्हणून आधी खोडाला खाच पाडून पाहत. अशा खाचा घेऊन आजही काही झाडं उभी आहेत. सरळ वाढलेली गेली. गाठाळलेली, पीळ पडलेली उरली. जोमोन सुगी जगली ती पवित्र म्हणून नव्हे, फळ्यांच्या कामाची नव्हती म्हणून. च्वांगत्सु या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात अशाच एका झाडाची गोष्ट आहे. सुतार त्याला निरुपयोगी म्हणून नावं ठेवतो, आणि झाड रात्री त्याच्या स्वप्नात येऊन म्हणतं की मी कामाचं असतो तर इतका मोठा झालोच नसतो.

ही गोष्ट मला फार आवडायची. याकुशिमात तिचा पुढचा भाग दिसला. १९६६ मध्ये या झाडाची बाहेरच्या जगाला ओळख झाली. १९७० मध्ये कोसुगीदानी ही लाकूडतोड्यांची वस्ती बंद पडली. रुळांच्या कडेला तिथल्या शाळेची जागा अजून दाखवतात. १९९३ मध्ये बेटाचा काही भाग जागतिक वारसा ठरला आणि माणसं येऊ लागली. त्यांच्या पायांनी माती निघाली, मुळं उघडी पडली, म्हणून १९९६ मध्ये मचाण बांधावं लागलं. बिनकामाचं म्हणून वाचलेलं झाड आता सगळ्यांत कामाचं झालं होतं. या खेपेला काम होतं बघण्याचं.

आमच्या वाटाड्यानं चालता चालता सहज सांगितलं, “माझे आजोबा ही झाडं तोडायचे. मी ही झाडं दाखवतो. घर त्यांचंही चाललं, माझंही चालतं.” त्यात तक्रार नव्हती. २०११ मध्ये झाडाकडे जाणाऱ्यांची संख्या दिवसाला ४२० पर्यंत मर्यादित करण्याचा प्रस्ताव गावच्या सभागृहापुढे आला आणि फेटाळला गेला. लोकांना पोटाची काळजी होती. आपण बाहेरून येऊन त्यांना लोभी म्हणावं, हे जोचिकुला नास्तिक म्हणण्याइतकंच सोपं आणि चुकीचं आहे.

मग मी जायला हवं होतं का? मी स्वतःला दोन उत्तरं देऊन पाहिली. पहिलं, माझ्या एकटीच्या पायानं काय होतं? पण माती ज्या हजारो पायांनी गेली त्यातला प्रत्येक पाय एकट्याचाच होता. दुसरं, माझ्या पैशानं बेटाचं भलं होतं. हे खरं आहे. पण मी काही भलं करायला गेले नव्हते, बघायला गेले होते. आणि बघण्यात काही घेणं नसतं, ही माझी समजूतच चुकीची होती. हात लावू न दिल्यावर मला जे लुबाडल्यासारखं वाटलं, त्यातच मी घ्यायला आले होते याचा पुरावा होता.

बेटावर एक जुनी प्रथा आहे. गावातले लोक वर्षातून ठरावीक वेळी समुद्रकिनाऱ्याची वाळू घेऊन शिखरावरच्या देवस्थानाला जातात, गावासाठी प्रार्थना करतात आणि परत येतात. तेही चालतात, त्यांचेही पाय पडतात. पण डोंगरानं त्यांना काही दाखवावं अशी त्यांची अट नसते. आपण मराठीत ‘दर्शनाला जातो’ म्हणतो तेव्हा मूळ अर्थ असाच काहीसा असावा. दार बंद मिळालं तर पायरीला हात लावून परतायचं, देवाकडे भरपाई मागायची नाही. पर्यटकाला हे जमत नाही. त्यानं पूर्ण तिकीट काढलेलं असतं.

उतरताना माझ्या सॅकमध्ये एक बंद पिशवी होती. डोंगरावर शौचाची मोठी अडचण आहे, म्हणून तिथे बरोबर नेण्याच्या पिशव्या मिळतात. आपली घाण आपण खाली आणायची. पाच तास ती पाठीवर वागवताना मला दिवसात पहिल्यांदा आपण नीट वागतो आहोत असं वाटलं. डोंगर सांभाळण्यासाठी हजार येनची देणगी मी सकाळीच दिली होती, पण ती देताना असं काही वाटलं नव्हतं.

परत आल्यावर भाच्यानं फोटो बघून विचारलं, “मावशी, मीही जाऊ?” स्वतः जाऊन आल्यावर नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, जा, पण आठवडाभर राहा. किनाऱ्यानं फीर, पावसात बस, कोसुगी बघ. त्या मोठ्या झाडापर्यंत गेला नाहीस तरी चालेल असं वाटायला लागलं, की मग हवं तर जा.

तो म्हणाला, “मग गेल्याचा उपयोग काय?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही.