ताट कोणाचे, घास कोणाचा?

दोडक्याची भाजी आणि रुसलेले मूल हे दृश्य ज्या घरात कधी घडले नाही, असे मराठी घर शोधून सापडायचे नाही. ताटाच्या कडेला सारलेला तो हिरवा ढीग, ढिगाकडे बघणारे मूल आणि मुलाकडे बघणारे सारे घर! भात निवतो, आमटी गार होते, पण माघार कोणीच घेत नाही. रोजचीच गोष्ट म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की, त्या चमचाभर भाजीत एक जुना आणि अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याच्या मनाविरुद्ध वागण्याचा अधिकार आपल्याला कितपत असतो? राज्यकर्त्यांना हा प्रश्न कधीमधी पडतो, डॉक्टरांना अधूनमधून पडतो. आईबापांना तो दिवसातून दोनदा, पानावर बसल्या बसल्या पडतो.

आमच्या वडिलांना तो कधी पडला नाही. ‘ताटात वाढलेले संपल्याशिवाय उठायचे नाही’ हा त्यांचा नियम. मी सहा-सात वर्षांचा असताना एका दुपारी कारल्याच्या भाजीसाठी दिवेलागणीपर्यंत पानावर बसून होतो. आजी मधून मधून येऊन म्हणे, “खा की रे बाळा, एवढं काय लावलास?” आणि पदराने डोळे पुशी. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर मी ते कारले गिळले. वडील क्रूर नव्हते. महायुद्धाच्या काळातले रेशन त्यांनी पाहिले होते. टाकलेल्या घासात त्यांना कोणाची तरी भूक दिसे. त्यांच्या नियमामागे अन्नाविषयीचा खरा आदर होता, हे मला पुढे कळले.

पण कळले म्हणून मी शहाणा झालो असे नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत मी तेच केले. कारल्याच्या जागी मेथी आली, एवढाच फरक. एका रात्री मी आवाज चढवला, त्याने घास कोंबला आणि पुढच्याच क्षणी सारे जेवण बाहेर आले. त्याची आई एक शब्द न बोलता फरशी पुसत राहिली. तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. उद्यमबागेत नोकरी करतो, बाकी सर्व भाज्या खातो, मेथीला मात्र हात लावत नाही. एकदा सहज विचारले तर म्हणाला, “बाबा, मेथीचा वास आला की तुमचा आवाज ऐकू येतो.” हसतच म्हणाला. मला काही हसू आले नाही.

आता घरात सहा वर्षांचा नातू आहे, आणि तोही मेथी खात नाही. परवापर्यंत निदान आमची तशी समजूत होती. एके दुपारी त्याला बोलवायला शेजारच्या अव्वांकडे गेलो तर काय पाहतो? स्वारी त्यांच्या नातवंडांच्या रांगेत मांडी घालून बसलेली. ताटात जोळद रोट्टी, शेंगदाण्याची चटणी आणि सोबत मेथीची कच्ची पाने, मुळा, काकडी. रोट्टीच्या तुकड्यात चटणी आणि दोन-चार पाने दुमडून तो मजेत खात होता. घरी शिजवलेल्या मेथीला “ब्याड, ब्याड” म्हणणारा हाच तो! (‘नको’ हा शब्द त्याने दोन्ही भाषांत फार लवकर शिकून घेतला आहे.)

मी अव्वांना विचारले, “हे कसे काय जमवले?” त्यांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी काही जमवलेच नव्हते. मध्ये पाने ठेवली होती, सारी मुले खात होती, त्यानेही घेतली. त्याच्या ताटाकडे तिथे कोणी बघत नव्हते. रात्री मला झोप लागेना. आमच्या घरी त्याच्या प्रत्येक घासाला चार जणांचा पहारा असतो, हे तेव्हा प्रथमच ध्यानात आले.

कोणी म्हणेल, मुलाला काय कळते? त्याचे हित आपणच पाहायला नको का? पाहायला हवेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत मोठ्या माणसाच्या २००० उष्मांकांच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आपल्या घरांतून मोठी माणसे तरी एवढ्या भाज्या खातात का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आपला तर भाजीचा मुलूख. गोव्याची बाजारपेठ बेळगावच्या भाजीवर चालते, रोज पहाटे गाड्या घाट उतरतात. आणि आपल्याच घरातली पोरे पाकिटातल्या कुरकुरीत पदार्थांवर वाढताहेत. तेव्हा ‘खाईल ते खाऊ दे’ म्हणून हात झटकणे ही उदारता नव्हे, आळस आहे.

म्हणून आपण उपाय करतो. त्यांपैकी तीन घरोघर चालतात. पहिला सक्तीचा. त्याची कथा वर सांगितलीच. अमेरिकेत काही अभ्यासकांनी लहान मुलांना सूप देऊन पाहिले. एकदा ‘संपव’ म्हणून पाठीस लागून, एकदा काही न बोलता. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, न बोलता दिलेले सूप मुलांनी अधिक खाल्ले आणि त्याला नावेही कमी ठेवली. आणखी एक गोष्ट आहे. काही मुलांना कडू चव जन्मतःच इतरांपेक्षा तीव्र लागते. वडील खात होते ते कारले आणि मी गिळले ते कारले एकाच कढईतले होते, पण जिभेवर ते एकच होते असे कोण सांगणार? दुसऱ्याच्या जिभेची साक्ष आपण देऊ शकत नाही. सक्ती करणारा नेमके हेच विसरतो.

दुसरा उपाय लालूच. ‘भाजी संपव, मग श्रीखंड.’ यात आवाज चढत नाही, म्हणून तो सौम्य वाटतो. पण मूल हिशेबात पक्के असते. ज्याच्यासाठी बक्षीस द्यावे लागते ती वस्तू वाईटच असणार, हे त्याला लगेच उमगते. आपण भाजीला दंड बनवतो आणि श्रीखंडाला सुटका.

तिसरा उपाय फसवणूक. येथे मात्र थोडे तारतम्य हवे. दुधी किसून थालीपिठात घालणे ही काही लबाडी नव्हे, ती पाककला आहे. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आल्या. पण मुलाने विचारले, “यात दुधी आहे?” आणि आपण म्हणालो, “छे रे, नाही,” तर ते खोटे झाले. ते एक दिवस उघडकीस येते. मग मूल दुधीवर रागावत नाही, थालीपिठावरही नाही. आईच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. शंभर ग्रॅम दुधीसाठी ही किंमत फार झाली.

मग उरते काय? उरते ते अव्वांच्या घरी पाहिले. सीमाभागातल्या माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. आपल्या मुलांना कानडी कोणी शिकवली? गल्लीत गोट्या खेळताना, बाजारात आईचे बोट धरून हिंडताना ती आपोआप कानावर पडली आणि जिभेवर आली. दोडक्याला हिरेकाई म्हणतात आणि कारल्याला हागलकाई, हे कोणी पाठ करून घेतले नाही. भाषा हुकमाने अंगावर आली की मन कसे ताठ होते, ते या भागाला सांगायला नको. चवीचेही तसेच. चव ही सहवासाने येते. अनोळखी भाजी मुलाने स्वीकारावी यासाठी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. आपण मात्र तिसऱ्या दिवशी ‘याला आवडतच नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त अळणी भाजीचा प्रसंग आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती भाजी तक्रार न करता खातात, त्यांचे पाहून मुलेही खातात. स्वतः जेवायला बसल्यावरच आईला चूक कळते. आपण हा प्रसंग वडिलांच्या मोठ्या मनासाठी आठवतो. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तिथे मुलांना ‘खा’ असे दरडावावे लागले नाही. बापाचे ताट हाच त्यांचा धडा होता. कारले बाजूला सारणाऱ्या बापाने मुलाला कारल्याचे गुण सांगू नयेत, एवढे तरी आपण पाळू शकतो.

अन्न वाया जाते, त्याचे काय? वडिलांचा हा मुद्दा मी आजही खोडू शकत नाही. रांधणारीचे कष्ट आणि पिकवणाऱ्याचा घाम यांचा मान राखलाच पाहिजे. पण त्याला तोड सोपी आहे. थोडे वाढावे. चमचाभर वाढावे, लागले तर पुन्हा घ्यावे. आपण डावभर वाढतो आणि मग आपल्या अंदाजाची चूक मुलाच्या पोटात भरतो. अन्नाचा मान राखताना खाणाऱ्याचा मान गेला, तर तो यज्ञ कसला?

माझ्यापुरता मी निवाडा केला आहे. घरात काय शिजावे, केव्हा जेवावे, पानावर काय यावे हे मोठ्यांनी ठरवावे. तिथे मुलाच्या हट्टापुढे वाकू नये, त्याच्यासाठी वेगळे ताट मांडू नये. पण घास तोंडात जाताना मालकी बदलते. ते शरीर त्याचे आहे. ज्या मुलाचा ‘नको’ घरच्या पानावर कोणी ऐकला नाही, ते मूल बाहेरच्या जगात आपला ‘नको’ ठामपणे कसे उच्चारील? आणि दुसऱ्याचा ‘नको’ ऐकायला तरी कुठे शिकेल?

हल्ली आमच्या टेबलावर मध्यभागी निवडलेल्या मेथीची वाटी असते. मी चार पाने घेतो, सूनबाई घेते, नातू कधी घेतो, कधी नाही. मुलगा अजून घेत नाही. वाटी त्याच्याही हाताला येईल अशी मी ठेवतो. बोलत मात्र काही नाही.