वकिलावाचून

वकील हा केवळ कायद्याचा जाणकार नसतो. अशिलाच्या संतापाची तो गाळणीही असतो. अशिलाने ‘न्यायाधीशांनी पक्षपात केला’ म्हणावे आणि वकिलाने ‘हा पुरावा विद्वान न्यायमूर्तींच्या नजरेतून निसटला असावा’ असे त्याचे शब्दांतर करावे, हा रोजचा व्यवहार. ज्याला वकील परवडत नाही, किंवा ज्याचा वकिलांवरचा विश्वासच उडाला आहे, तो स्वतः उभा राहतो तेव्हा ही गाळणी नसते. तक्रार तीच; तथापि १९७१ च्या अधिनियमानुसार आता तिला फौजदारी अवमान म्हणता येते.

गाळणी असूनही सुटका होतेच असे नाही. शाळिग्राम न्यायालयात आणवणाऱ्या न्यायमूर्ती नॉरिस यांच्यावर सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी १८८३ मध्ये टीका केली. कलकत्ता उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने वकील होते, माफीही मागितली गेली; तरी दोन महिन्यांची कैद झाली. पाच न्यायाधीशांपैकी एकट्या रमेशचंद्र मित्रांना दंड पुरेसा वाटला.

२०१७ मध्ये याच न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. एस. कर्णन आरोपी झाले. त्यांनी अनेक न्यायाधीशांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले होते. ३१ मार्चला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे ते वकिलावाचून उभे राहिले. त्यांचा कैवार घेणे कठीण आहे: पुढे कोलकात्यातील राहत्या घरातून त्यांनी सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांना पाच वर्षांची सक्तमजुरी ‘सुनावली’! ९ मे रोजी त्यांना सहा महिन्यांची कैद झाली, आणि त्यांची विधाने प्रसिद्ध करण्यास वृत्तपत्रांना मनाई झाली. शिक्षा समजू शकते. मनाई मला अजून समजलेली नाही. आरोप खोटे होते तर ते लोकांसमक्ष खोटे ठरू द्यायचे होते. स्वतःविषयीच्या आरोपाचा निवाडा करणाऱ्याने तरी आरोपीचा आवाज बंद करण्याची घाई करू नये.

२००६ पासून सत्य हा बचाव होऊ शकतो, मात्र तो लोकहितार्थ आणि प्रामाणिकपणे मांडलेला असावा लागतो. न्यायालयासमोरच अवमान घडल्याचा आरोप असेल तर दुसऱ्या न्यायाधीशापुढे सुनावणी व्हावी, अशी विनंती कलम १४ अन्वये करता येते. आरोप काय, हे आरोपीला लेखी कळवावे असे तेच कलम सांगते. पण ही विनंती करता येते हे त्याला कोणी सांगावे, याविषयी ते काही बोलत नाही. वकील असता तर त्याने सांगितले असते. भाड्याच्या खोलीसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या, आवाज चढलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला ते कुठून ठाऊक असणार? कर्णन यांना निदान कायदा येत होता.