दुसरी चिठ्ठी

१ डिसेंबरला आपल्याकडच्या महाविद्यालयांतून रेड रिबन क्लबची फेरी निघते. छातीवर लाल फीत, हातात फलक, दुपारी पोस्टर स्पर्धा. एड्स कशाने होतो, कशाने होत नाही, हे एफवायच्या पोराला तोंडपाठ असतं. तोच पोरगा देहूत मेडिकलसमोर गाडी लावून काउंटर रिकामं व्हायची वाट बघतो आणि शेवटी क्रोसिनची पट्टी घेऊन परततो. दुकानदार काकांच्या ओळखीचा! (आपल्याकडे चाकणपर्यंत गेलं तरी कुणीतरी पाहुणा निघतोच.)

असलं काही शिकवलं की पोरं बिघडतात, या भीतीने २००७ साली राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं होतं. जगभरच्या अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही. आढळलं ते इतकंच, की माहिती झपाट्याने वाढते, वागणं मात्र रेंगाळतं.

का रेंगाळतं? उत्तराचा एक धागा इथेच भोसरीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेल्या संस्थेत सापडतो. तिथले तेव्हाचे संशोधक डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. या गटातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता. ‘चारित्र्य जपा’ हा आपला लाडका उपदेश त्यांनी तंतोतंत पाळला होता. जोखीम घरी आणली ती नवऱ्याने.

तरीही आपण पोरांना भीती घालतो ती स्वतःच्या जिवाची. आपल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाचं काय होईल, हा विषय तासाला निघतच नाही. निनावी चिठ्ठ्या मागवून बघा. मुलं विचारतात, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? डॉक्टर ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. मग एखाद्या मुलीची चिठ्ठी येते: तो ऐकत नाही, काय करू? ती घडी घालून मॅडमकडे सरकवली जाते. वास्तविक तिचं उत्तर मुलांकडून यायला हवं.

तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, नाव गुप्त राहतं, १०९७ वर फोन करून विचारताही येतं. हे फलकावर लिहायला दोन ओळी पुरतात. उरलेला तास त्या दुसऱ्या चिठ्ठीला द्यावा, मुलामुलींना एकत्र बसवून. पहिली दहा मिनिटं खिदळण्यात जातील. जाऊ द्यावीत.