प्रश्न विचारण्याची मुभा

देवऋष्याच्या दारात बसलेल्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण शंका घ्यायला डोक्याइतकाच सामाजिक आधार लागतो. तो उभा करता येतो.

सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधून एका पंगतीत जेवत. घरून आणलेली शिवाशिव रोजच्या घासागणिक खोटी ठरे. त्यासाठी व्याख्यान लागत नसे.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा विरोध देवाला नव्हता, देवाच्या नावावरच्या शोषणाला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला; ज्यासाठी ते झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतरच आला.

कायद्यानं बुवाला रोखता येतं. सासऱ्यांना, भावकीला प्रश्न विचारणाऱ्या सुनेच्या पाठीशी मात्र आपणच उभं राहायला हवं.