वराने दिलेले मोल

ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेत ख्रिस्तास वर व मंडळीस वधू कल्पून गायिलेली गीते पुष्कळ आहेत. त्यांत फिलिप निकोलाय ह्या जर्मन पाळकाच्या एका गीतास मोठा मान आहे. इ. स. १५९७ साली वेस्टफालियातील उन्ना गावी प्लेगची साथ आली, तेव्हा तो तेथे पाळक होता. सुमारे १३०० माणसे दगावली, व पुष्कळांस मूठमाती देण्याचे काम त्याजकडे आले. दहा कुमारींच्या दृष्टांतावरचे त्याचे हे गीत १५९९ साली छापून निघाले. त्यात पहारेकऱ्याच्या हाकेने नगर मध्यरात्री जागे होते व वरास सामोरे जाते. पुढे १७३१ साली योहान सेबास्टियन बाख ह्याने लाइप्झिग येथे त्यावर मोठी संगीतरचना केली; तीत आत्मा व ख्रिस्त हे वधूवरांप्रमाणे एकमेकांशी गाऊन बोलतात.

आता प्रश्न असा की, दारोदारी प्रेते असता लग्नाचे गाणे शोभते काय? लग्न म्हणजे केवळ वाजंत्री व पक्वान्ने असे मानिले, तर शोभत नाही. परंतु शास्त्रात लग्न व उद्धार ही जोडलेली आहेत, आणि त्यांस जोडणारी गोष्ट वराने भरलेले मोल ही होय. होशेय संदेष्ट्याने बहकलेल्या पत्नीस १५ शेकेल रुपे व दीड होमर जव देऊन परत आणिले; ती दासी व्हावी म्हणून नव्हे, तर तिला पत्नीचे स्थान पुन्हा मिळावे म्हणून. ख्रिस्ताने तर मंडळीसाठी आपला प्राण दिला, आणि इफिसकरांस लिहिताना पौल हाच कित्ता पतींपुढे ठेवितो. हा वर स्वतः मरणातून गेलेला आहे. म्हणून मरणाच्या दारीही त्याच्या लग्नाचे गीत गाता येते.

आपल्या मराठीत 'मंडळी' हा शब्द ख्रिस्तसभेस लावितात, तसाच घरच्या गृहिणीसही लावितात. असे असून, रविवारी वराचे मोल गाणारा मनुष्य सोमवारी मुलाच्या लग्नासाठी वधूपित्याकडे हुंडा मागतो, तेव्हा त्या गीताचा अर्थ तो उलटा करितो. गीतातला वर देतो, हा घेतो. हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण ख्रिस्ती मनुष्यास त्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. कोणी म्हणेल, आम्ही मागत नाही, ते राजीखुशीने देतात. शेत गहाण टाकून दिलेल्यास राजीखुशी म्हणावे काय?

बंधुभगिनींनो, लग्नसराईत बोलणी करावयास बसाल, तेव्हा देण्याघेण्याचा विषय निघण्यापूर्वी एवढे आठवा की, ज्याच्या लग्नाचे आपणा सर्वांस आमंत्रण आहे, त्या वराने वधूच्या घरून काही मागितले नाही. तिचे सारे देणे त्यानेच फेडिले.